सरसू तारीण आणि मार्गशीर्षातली होळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणावी, तर ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून शेळ नदीच्या काठी सुपारी कातरत बसलेली भेटतील. पण गोष्टीला पिकायला वर्षं थोडीच लागतात? चांगल्या तोंडी पडली की ती आढीतल्या आंब्यासारखी आपली आपण पिकते. ही पुरती पिकलेली आहे.

शेळ नदीच्या अल्याड आंबेवण, पल्याड सांतोळी. सांतोळीची देवी थोरली बहीण, आंबेवणची धाकटी. दर शिमग्याला थोरली धाकटीला होळीचं झाड देते. सांतोळीच्या रानातली उंच सावर तोडायची, खांद्यांवरून नदीकाठी आणायची, दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर माणसं उभी करायची आणि झाड तसंच खांद्यांवर धरून आंबेवणला न्यायचं. तिथल्या मांडावर, म्हणजे देवीच्या खेळांच्या पटांगणात, खड्डा तयार असतो, त्यात होळी उभी राहते; झाड जाळत नाहीत. नेम एकच. तोडलेलं झाड खड्ड्यात उभं राहीपर्यंत भुईला टेकता कामा नये. टेकलं, तर बहिणींचं नातं तुटलं. मग लेकी द्यायच्या नाहीत, सुना आणायच्या नाहीत, एकमेकांच्या मयताला जायचं नाही.

या दोन काठांमधली तर, म्हणजे माणसं अल्याडपल्याड नेणारी होडी, चालवायची सरसू. नवरा लवकर गेला आणि होडी तिच्या हाती आली. माहेर सांतोळी, सासर आंबेवण, त्यामुळे तिला कोणत्या गावची म्हणावं हे कुणालाच ठरवता येत नसे. ती विचारणाऱ्याला म्हणे, मी मधली. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. भरती कधी लागणार हे तिला पाण्याच्या वासावरून कळायचं, असं म्हणतात.

पुढं इंग्रज गेला आणि आंबेवणला तिरंगा लागला. सांतोळीला मात्र फिरंगी तसाच राहिला. एका रात्रीत बहिणी दोन देशांत पडल्या. नदीकाठी चौकी बसली, चौकीवर परक्याचं निशाण. तरीही होळीच्या दिवसापुरती वाट मोकळी मिळायची, आणि गावं तेवढ्यावर भागवत होती.

बोटीवर नोकरी करणारे सांतोळीचे तारवटी चौकीचा परवाना काढून सरसूच्या होडीतून ये-जा करत. ते लांबलांबच्या बंदरांच्या गोष्टी सांगत. आफ्रिकेतल्या ज्या धक्क्यावर गेल्या साली गोऱ्यांचं निशाण पाहिलं, तिथं यंदा दुसरंच फडकतंय, तिथले लोक रस्त्यात नाचताहेत, असं सांगत. सरसू वल्हं मारत ऐकायची. एक भरती संपायला आलीय, एवढं तिला त्यातून उमगलं.

मग ते साल आलं. चौकीवर नवा अंमलदार आला होता. माणूस हुशार. त्यानं गावचे रीतिरिवाज विचारून घेतले आणि नेम ध्यानात ठेवला. झाड तोडू दिलं, नदीपर्यंत आणू दिलं, आणि झाड काठावर आल्यावर सरसूची होडी जोडीच्या होडीसकट साखळीनं बांधून टाकली. दुभाष्याकरवी सांगितलं की तर बंद, झाड खाली ठेवा आणि घरी जा. त्याला मारझोड करायची नव्हती. गावानं आपल्याच हातांनी नातं तोडावं, एवढंच त्याला हवं होतं.

झाड खांद्यांवर. पुढं नदी, मागं बंदुका. माणसं आळीपाळीनं खांदे देऊ लागली. सकाळ सरली, ऊन चढलं. म्हातारा मानकरी फटी गावकर सर्वांत पुढं होता. खांदा बदलायला पोरं पुढं झाली, पण तो मागं होईना. बायका पाणी पाजत होत्या आणि रडत होत्या. अंमलदार खुर्ची टाकून बसला होता.

सरसू हे सगळं बघत होती. एकाएकी ती पदर खोचून पाण्यात उतरली आणि छातीभर पाण्यात जाऊन वळली.

"फटीदादा, नेम काय तो? भुयेक टेकूचा नाय. मगे पाणी काय भुईत मोडता?"

वाडवडिलांपासून झाड होड्यांवरून गेलेलं, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फटीनं एक क्षण डोळे मिटले आणि पाण्यात पाऊल टाकलं. मागून सगळे. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि झाड खांद्यांवरून आपोआप उचललं गेलं. सावरच ती, हलक्या लाकडाची, तरंगायला लागली. पुनवेचा दिवस, भर दुपारची वेळ, नदीला उधाण. सरसूनं बुंध्याला मिठी मारली आणि धारेत शिरली. म्हणतात की शिपायांनी गोळ्या झाडल्या, पण एकही तिला लागली नाही, सगळ्या खोडात रुतल्या.

अंमलदार खुर्चीवरून उठला. दुभाष्यानं हात तोंडाशी धरून त्याचं म्हणणं ओरडून सांगितलं. झाड आंबेवणला लागलं, की खांदे देणारे सगळे तुरुंगात. परत आणलं, तर भुईवर ठेवावं लागेल. सरकार काही कुठं जात नाही, ते साडेचारशे वर्षांचं आहे.

सरसू नदीच्या मधोमध थांबली. म्हणाली, "असतला. नदी तेच्या आदीची आसा."

मग तिनं तिथूनच देवाला गाऱ्हाणं घातलं. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती, पण त्या दिवशी हे कुणाला आठवलं नाही.

"बा देवा म्हाराजा, थोरलेचा झाड धाकटेकडे निघाला हा. वाटेत कोण आडवो इलो आसात, तर तेका सुखरूप तेच्या घरची वाट दाखव, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दोन्ही काठ एका दमात म्हणाले.

आणि सरसू नदीतच राहिली. ना ह्या काठाला, ना त्या काठाला. भरतीला झाड वर जाई, ओहोटीला खाली येई, आणि झाडाबरोबर सरसू. दोन्हीकडच्या बायका केळीच्या पानावर भात ठेवून पाण्यात सोडत, पान बरोबर तिच्यापाशी जाई. पावसाळ्यात नदीला पूर आला, चौकीचा धक्का वाहून गेला, झाड मात्र गेलं नाही. गोळ्या रुतल्या होत्या तिथं तिथं पालवी फुटली, असं म्हणतात. कुणी शहाणे सांगतात की ती मधल्या कांदळवनात झाड बांधून माच्यावर राहिली होती. राहिली असेल. माच्यावर पावसाळा काढणंही काही खायचं काम नाही.

आंबेवणकर तिकडं आपलं काम करत होते. मांडावरचा खड्डा त्यांनी बुजवला नाही. पावसात तो भरे, गाळ साचे, आणि ज्या घराची पाळी असेल ते घर तो उपसून ठेवी. आज ना उद्या होळी यायचीच आहे, एवढ्या भरवशानं लोक खड्डा उपसत होते.

मार्गशीर्ष लागला. एके सकाळी सांतोळीच्या चौकीवर निशाण दिसेना. अंमलदार नव्हता, शिपाई नव्हते. खुर्ची तेवढी उलटी पडलेली. साडेचारशे वर्षांचं राज्य सामान आवरून गेलं होतं. कुणीतरी सरसूच्या होडीची साखळी तोडली.

मार्गशीर्षातल्या पुनवेला, पुन्हा भर दुपारच्या उधाणात, सरसूनं झाड आंबेवणच्या काठाला आणलं. सांतोळीची माणसं पोहत, होड्यांतून, मिळेल तशी आली. फटी गावकरानं पाण्यात उतरूनच झाड खांद्यावर घेतलं. अवेळी शिमगा म्हणून कुणी कुरकुरलं नाही. होळी उभी राहिली, ढोल वाजले, आणि दोन्ही गावांनी एकमेकांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडून घेतलं.

सरसू सर्वांत शेवटी पाण्याबाहेर आली. उभ्या झाडाकडे तिनं वर शेंड्यापर्यंत पाहिलं. म्हणाली, "आता मी टेकतंय." आणि काठावरच्या वाळूत खाली बसली. त्यानंतर ती कधी होडीवर गेली नाही. त्या होळीनं मात्र मूळ धरलं. मांडाच्या कडेला आज मोठी सावर आहे, ती हीच, असं म्हणतात.

आता शेळ नदीवर पूल आहे. त्यावरून एसटी जाते, ट्रक जातात, वराती जातात. होळीचं झाड जात नाही. ते पाण्यातूनच जातं. नदीच्या मधोमध ते थांबवतात आणि तारींच्या घरातली थोरली बाई गाऱ्हाणं घालते. वाटेत आता कुणी आडवं येत नाही, तरी ते वाक्य गाळत नाहीत. दोन्ही काठांवरून "व्हय म्हाराजा" येतं.

आणि त्या दिवशी झाड उभं राहीपर्यंत दोन्ही गावांत कुणीही खाली बसत नाही. म्हातारे काठी टेकून उभे, बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या, पाहुणेही उभे. होळी उभी राहिली की तारींची ती बाई ओल्या लुगड्यानं काठावर येते, वाळूत बसते आणि सरसूचे शब्द म्हणते. मग गावं बसतात.