गप्प होणारा रिसीव्हर

निवृत्त फौजदार विश्रामराव खर्डेकरांनी होम थिएटरला हौसेने चार ओहमचे स्पीकर जोडले. आवाज वाढवला की स्पीकरना करंट पुरवणारा रिसीव्हर बंद पडायचा. पाहुण्यांसमोरही तेच झालं, तेव्हा त्यांनी दुकानदार नसीमाला बोलावून घेतलं.

"बिघडलेला माल गळ्यात मारलास!"

"बिघडलेला नाही, साहेब. याला निदान सहा ओहमचे स्पीकर लागतात. तुमचे हे चार ओहमचे जास्त करंट ओढतात. झेपेनासं झालं की तो जीव वाचवायला गप्प होतो."

"माझ्या घरात असलं गप्प होणं चालणार नाही!"

ते गरजले तशी बायको, सून, पाहुणे सगळेच खाली बघत गप्प झाले.

नसीमाने विचारलं, "मग हे सगळे बिघडलेत का, साहेब?"

विश्रामराव ओशाळले. बराच वेळ त्यांना बायकोकडे बघवेना. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "सहा ओहमचे दाखवाल का, बाई?"