दम कुणाचा तुटला?

त्या दिवशी जंगलात वारा म्हणून नव्हता. थंडी सरत आली होती आणि ऊन नुसतं पाठीला लागत होतं. ऐनाच्या झाडावरून एखादं वाळकं पान सुटलं, की ते खाली टेकल्याचा आवाज पार ओढ्यापलीकडे ऐकू जाई, इतकी शांत हवा. बाळांनो, ही हवा ध्यानात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

त्या जंगलात एक ससा राहत असे. ओढ्याच्या अलीकडच्या काठाला करवंदीची जाळी होती, तिच्यात त्याचं बिऱ्हाड. हा ससा कबड्डीतला पट्टीचा गडी. थंडीच्या शेवटी ओढ्याचं पाणी ओसरलं, की मधे वाळूचा मोठा पट्टा उघडा पडे. तिथे अलीकडच्या काठाचे आणि पलीकडच्या काठाचे प्राणी दरवर्षी दोन सामने खेळत. पहिला अमावास्येनंतर आणि परतीचा पौर्णिमेला. पंच म्हणून बगळा असे, कारण तो दिवसभर पाण्यात उभा, ना अलीकडचा ना पलीकडचा.

कबड्डी तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगून ठेवतो. चढाईला जाणाऱ्याने 'कबड्डी कबड्डी' असा दम घुमवत जायचं, समोरच्या गड्याला शिवायचं आणि दम न तोडता आपल्या हद्दीत परत यायचं. मधे श्वास घेतला, की दम तुटला. तो बाद.

तर त्या दिवशी पहिला सामना होता. शेवटची चढाई राहिली होती आणि अलीकडचे एका गुणाने मागे होते. ससा गेला. पलीकडच्या एका गड्याला शिवून वळतो न वळतो, तोच घोरपडीने त्याचा मागचा पाय धरला. घोरपडीची पकड कशी असते ते मी काय सांगावं. तरी ससा वाळूत पोट घासत पुढे सरकत राहिला. मधली रेषा त्याच्या पुढच्या पायापासून चार बोटांवर आली होती. तेवढ्यात बगळ्याने पंख उचलला आणि म्हणाला, "दम तुटला. ससा बाद."

पलीकडचे नाचत गेले. अलीकडचे मान खाली घालून घरी आले.

आता खेळ संपला म्हणजे खेळणारे झोपतात, पण बघणारे झोपत नाहीत. अलीकडच्या काठाला एक जुना करंज होता. संध्याकाळ झाली, की सगळे बघे त्याच्यावर आणि त्याच्याखाली जमायचे. कोण कसा खेळला, कुणाला काढायला हवं, कुणाला घ्यायला हवं, हे सगळं तिथे ठरायचं. खेळणाऱ्यांना ते नंतर कळायचं.

या बघ्यांचा म्होरक्या होता कावळा. त्याने आजवर एक सामना चुकवला नव्हता आणि सशावर त्याच्याइतका जीव दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणूनच त्याला राग फार आला. तो म्हणाला, की ससा आता पहिला राहिला नाही, हे आपल्याला मागच्या वर्षीच दिसलं होतं. तित्तिराचं म्हणणं पडलं, की हरभऱ्याच्या शेतात जाऊन जाऊन त्याचं पोट सुटलंय. खाली म्हातारा साळींदर बसला होता. त्याने आपल्या वेळच्या गोष्टी काढल्या, की तेव्हा एका दमात गडी टेकडी चढून उतरायचा आणि वर पाणीही मागायचा नाही. सरडा तित्तिराच्या फांदीवर असताना हरभऱ्याला दोष देत होता, कावळ्याच्या फांदीवर आला तेव्हा वयाला देऊ लागला. "अरे, तुझं एक काहीतरी ठरव," असं साळींदर म्हणाला, तर सरडा खाली उतरून त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "जुने गडी ते जुने गडी."

असं रोज चाललं. बोलता बोलता गोष्ट मोठी होत गेली. कुणी म्हणालं, दम अर्ध्यातच तुटला होता, बगळ्यानेच दया केली. शेवटी कावळा संघनायकाकडे, म्हणजे मुंगसाकडे गेला आणि त्याच्या कानाशी बसून सगळं सांगून आला. मुंगसाने जाहीर केलं, की परतीच्या सामन्यात सशाच्या जागी दुसरा कुणी जाईल.

त्याच करंजाच्या ढोलीत, कावळ्याच्या घरट्याच्या खाली, एक खार राहत होती. कावळ्याची शेजारीण. तिला एक खोड होती. कुणी काही सांगितलं, की ते कसं कळलं हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भांडणासाठी नव्हे, नुसतं जाणून घ्यायला. एका संध्याकाळी सगळे भरात आले असताना तिने विचारलं, "तो दम तुटला, तो ऐकला कुणी?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तित्तिर म्हणालं, की यात ऐकायचं काय, आम्ही पाहिलंय. खार म्हणाली, की दम तर दिसत नाही, तो ऐकावा लागतो. आणि त्या दिवशी वारा नव्हता. पान पडलेलंसुद्धा ऐकू येत होतं. मग सशाचा दम तुटलेला इतक्या जणांत एकाला तरी ऐकू यायला हवा होता. कावळा म्हणाला, "बाई, पंचाने ऐकला. तेवढं पुरे."

कावळ्याला पुरे होतं, खारीला नव्हतं. सकाळी ती आधी करवंदीच्या जाळीत गेली. ससा आपलं बिऱ्हाड आवरत होता. डोंगरापलीकडे त्याची मावशी राहत होती, परतीच्या सामन्याआधी तिकडेच निघून जायचं त्याने ठरवलं होतं. इथे राहून दुसऱ्याला चढाईला जाताना बघणं त्याच्याने होणार नव्हतं. खारीने त्याला विचारलं, की तुझं तुला काय वाटतं, तुटला होता का दम?

ससा आवरता आवरता थांबला. मग म्हणाला, "मला तर वाटत होतं मी म्हणतोय. पण एवढे सगळे सांगतात, तर मलाच चुकीचं वाटलं असणार. आता सराव करतो तर खरंच अर्ध्यात तुटतो."

त्याचा आवाज इतका बारीक होता, की खारीला कान पुढे करावा लागला. तिला नवल वाटलं. इतकी वर्षं ती सशाचा खेळ बघत आली होती, पण त्याचा आवाज तिने आजच नीट ऐकला होता.

तिथून ती ओढ्यावर गेली. बगळा एका पायावर उभा होता. त्याचा मासा पकडून होईपर्यंत ती दगडावर बसून राहिली आणि मग तिने आपला प्रश्न विचारला. बगळा म्हणाला, की चढाईच्या वेळी माझे डोळे रेषेवर असतात, दम मी कानाने धरतो. त्या दिवशी दम चांगला चालला होता, मोठा, भरदार, घोगरा. मग एकदम अडकल्यासारखा झाला आणि थांबला. थांबला म्हणून पंख उचलला.

"घोगरा?" खारीने विचारलं.

"घोगरा," बगळा म्हणाला आणि पुन्हा पाण्यात बघू लागला.

खार दिवसभर तो एक शब्द घेऊन या फांदीवरून त्या फांदीवर फिरत राहिली. शेंग सोलायला घेई आणि तशीच ठेवून देई. संध्याकाळी करंजावर सगळे जमले. कावळ्याने बोलायला सुरुवात केली होती. खार त्याच्या फांदीवर जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "दादा, त्या शेवटच्या चढाईला तू काय करत होतास?"

कावळ्याला असा प्रश्न आवडायचाच. त्याने छाती फुगवली. "काय करत होतो म्हणजे? त्याच्याबरोबर दम घुमवत होतो. दर वेळी घुमवतो. आपला गडी तिकडे एकटा गेलेला, आपण काय गप्प बसायचं?"

"मोठ्याने?"

"ओढ्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्याने."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंतच की. म्हणजे, अगदी शेवटी घोरपडीने पाय धरला तेव्हा मला जरा ठसका लागला, म्हणून मी..."

आणि कावळा तिथेच थांबला.

करंजाचं एक पान सुटलं आणि खाली साळींदराच्या काट्यांवर पडलं, ते सगळ्यांनी ऐकलं. सरडा दोन फांद्यांच्या मधे होता, तो तिथेच राहिला. मग कावळा म्हणाला, की पंचाने नीट ऐकायला नको का, कावळा कोण आणि ससा कोण ते. साळींदराने मान हलवायला घेतली होती, पण खारीकडे बघून ती मधेच थांबवली. खार काही म्हणाली नव्हती. ती नुसती कावळ्याकडे बघत होती, राग न धरता, पुढे काय होतं ते बघावं तशी. कावळ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि उडाला.

करवंदीच्या जाळीवर तो बराच वेळ घिरट्या घालत राहिला. खाली उतरला तोही लांबच, एका दगडावर. सशाचं बिऱ्हाड बांधून तयार होतं.

"तुझा दम तुटला नव्हता," कावळा म्हणाला.

"मग कुणाचा तुटला?"

कावळ्याने चोच दगडावर घासली. या बाजूने घासली, त्या बाजूने घासली. "माझा," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं.

सशाने ते शांतपणे ऐकून घेतलं. तो रागावेल म्हणून कावळा वाट बघत होता. पण ससा वेगळंच विचारू लागला. "तू माझ्याबरोबर म्हणतोस? दर वेळी?"

"दर वेळी."

"मला तर एकदाही ऐकू आला नाहीस, दादा. तिकडे गेलं की मला समोरच्याच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही."

हे मात्र कावळ्याला फार लागलं. ज्याच्यासाठी ओरडत आलो, त्याच्यापर्यंत आवाज कधी पोचलाच नाही. पोचला तो फक्त पंचापर्यंत. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, की परतीच्या सामन्यापर्यंत तरी राहा. ससा म्हणाला, बघतो.

कावळ्याने मुंगसालाही स्वतःच जाऊन सांगितलं. ते त्याला जास्त जड गेलं, कारण मुंगसाचे कान आधी त्यानेच भरले होते. मुंगूस म्हणाला, की ठीक आहे, सशाला एक चढाई देतो. झालेला निकाल काही बदलला नाही. बगळा म्हणाला, की पंख एकदा उचलला तो उचलला. पण त्या दिवसापासून तो खेळाच्या आधी दोन्ही काठांना सांगू लागला, की चढाईच्या वेळी बघ्यांनी दम घुमवू नये.

पौर्णिमा आली. परतीच्या सामन्याला पुन्हा तशीच बिनवाऱ्याची हवा होती. कावळा करंजावरून निघाला तेव्हा त्याच्या चोचीत एक काटकी होती. तित्तिराने विचारलं, की घरटं बांधायला घेतलंस काय? कावळ्याने उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला चोच उघडावी लागली असती.

सशाची चढाई आली. तो मधली रेषा ओलांडून गेला आणि काठावर सगळे गप्प झाले. मग त्या शांततेत एक आवाज ऐकू येऊ लागला. बारीक, एकसारखा, पोकळ बांबूत भुंगा शिरावा तसा. "कबड्डी कबड्डी कबड्डी." बघे एकमेकांकडे बघू लागले. आपला गडी, आपला गडी म्हणून वर्षानुवर्षं ओरडत आले होते, आणि त्याचा आवाज कसा आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

ससा एका गड्याला शिवला, वळला, आणि घोरपडीने पुन्हा तोच पाय धरला. ससा वाळूत आडवा झाला. आवाज आणखी बारीक झाला. साळींदराने डोळे मिटून घेतले, म्हणजे नीट ऐकू यावं. आवाज सुतासारखा झाला, पण चालू राहिला. ससा एक वीत सरकला, मग अर्धी वीत, आणि त्याचा पुढचा पाय रेषेवर पडला. तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. तो श्वाससुद्धा सगळ्यांना ऐकू आला.

बगळ्याचा पंख उठला नाही. त्याने मान हलवली आणि शिवलेल्या गड्याला व घोरपडीला बाहेर जायला सांगितलं.

काठावरच्या झाडावर कट्‌ असा आवाज झाला. कावळ्याच्या चोचीतली काटकी मोडली होती.

ससा मावशीकडे गेला नाही. बांधलेल्या बिऱ्हाडाच्या गाठी त्याने त्याच संध्याकाळी सोडल्या. आणि त्याच संध्याकाळी करंजावर पुन्हा सगळे जमले, कारण बघे म्हणजे बघेच. तित्तिर म्हणालं, की घोरपडीचं आता वय झालं, तिची पकड सुटली, ती पहिली राहिली नाही. सरडा म्हणाला, अगदी खरं. सगळे कावळ्याकडे वळले. त्याने सवयीने चोच उघडली. मग थोडा वेळ तशीच उघडी ठेवली, मिटून घेतली आणि खालच्या ढोलीकडे बघितलं. खार तिथे बसून शेंग सोलत होती. तिने वर पाहिलं आणि जे म्हणायचं ते म्हणाली. माझ्याजवळ त्याहून निराळं काही सांगायला नाही.

तात्पर्य : शेजारीण शेजाऱ्याला म्हणाली तेच. "दादा, दुसऱ्याचा दम तुटला असं सांगत सुटण्याआधी, तो आपलाच तर नव्हता ना, एवढं एकदा स्वतःला विचारावं."