गळालेलं शिंग

त्या रानात डोक्यावरचं शिंग हा अवयव मानला जाई, आणि डोक्यावरून गळून पडलेलं शिंग हे हत्यार. सांबरनरांची शिंगं तर उन्हाळ्याच्या तोंडाला गळतातच. म्हणून नियम असा होता, की ज्याचं शिंग गळालं त्यानं ते आठ दिवसांच्या आत ओढ्यापलीकडच्या चौकीत जमा करायचं. विनापरवाना शिंग जवळ सापडलं तर तीन पावसाळे खड्ड्यात. खड्डा म्हणजे खरोखरचा खड्डा. वर आभाळ, खाली चिखल, आणि कुणाला आठवण झाली तर वरून टाकलेला मूठभर पाला.

भिवरा नावाच्या म्हाताऱ्या सांबरिणीला शिंगं नव्हती, त्यामुळे हा नियम आपल्यासाठी नाहीच अशा समजुतीत तिचा जन्म गेला. मग त्या साली तिचा नवरा धोंडजी याचं शिंग सकाळी गळालं आणि दुपारी तो स्वतःच गेला. म्हातारपणानं गेला, उगाच कुणावर आळ नको. त्याचा शोक करण्यात पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी भिवराच्या लक्षात आलं, की आपल्या बसायच्या जागेशेजारी हातभर लांबीचा गुन्हा पडलेला आहे.

"कोण बघतंय जाऊबाई? ढकला पाल्याखाली," धाकटी जाऊ कानाशी पुटपुटली.

"आणि सापडलं म्हणजे? या वयात मी खड्ड्यात बसू? माझ्या अंगात तीन पावसाळे उरलेत का, ते तरी बघ. मी उजळ माथ्यानं जाऊन जमा करणार. चोरी केलीय का मी?"

सांबरिणीला हात नसतात. भिवरानं शिंग तोंडात आडवं धरलं आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, चौकीची वाट धरली.

ओढ्यावर दोन तरस पहाऱ्याला होते.

"कुणाचं शिंग?" पहिल्यानं विचारलं.

"म्म्," भिवरा म्हणाली.

"नाव सांग."

"म्म्म्!"

तिनं शिंग खाली ठेवायला मान वाकवली, तसा दुसरा ओरडला, "ए, टाकायचं नाही! टाकलंस तर पुरावा फेकला असं लिहावं लागेल."

भिवरानं मान पुन्हा वर केली. तिच्या जबड्याला रग लागली होती.

"दोनदा विचारलं, बोलत नाही," पहिला म्हणाला. "लिही. आरोपी गप्प. म्हणजे कबूल."

एवढं ऐकल्यावर मात्र भिवरानं शिंग थेट त्याच्या पायावर सोडलं. "मुडद्यांनो, आधी तोंडात शिंग धरून तुम्ही बोलून दाखवा! जमा करायलाच आणलंय ना!"

"आई गं," पहिला पाय चोळत म्हणाला. "आता हल्लासुद्धा लिही."

चौकीत साळिंदर मुनशी होता. काट्यांचा भारा पाठीवर सावरत त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मनानं तो वाईट नव्हता.

"आजी, ज्याचं शिंग त्यानंच जमा करायचं असतं."

"तो मेलाय."

"म्हणजे त्याचा आठ दिवसांचा परवानाही मेला. आता ते तुम्ही जवळ ठेवलंत, तो एक गुन्हा. वाटेनं घेऊन आलात, तो दुसरा. टाकून दिलं असतंत, तर तो तिसरा."

"मग मी करायचं तरी काय होतं?"

मुनशीनं खरंच विचार केला. बराच वेळ केला. "त्यांना बरोबर आणायचं होतं," तो म्हणाला.

"आणि तुझ्या पाठीवर हे हजारभर काय उभं आहे रे?"

"ते अंगचे आहेत, आजी."

शिंग कोठीत गेलं आणि भिवरा कोंडवाड्यात. चार दिवसांनी तिला बिबट्यापुढे उभं केलं. न्याय तोच करायचा. धाकट्या जावेसकट सगळा कळप लांबून बघत होता. मुनशीनं कोठीतून शिंग आणलं, तेव्हा ते कानाएवढंही उरलं नव्हतं. मुनशीच्या ओठांवर पांढरी भुकटी होती.

"हेच का हत्यार?" बिबट्यानं विचारलं.

"हेच, सरकार. कोठीत जरा झिजलं."

कळपात चुळबुळ झाली. कानापेक्षा आखूड शिंग हत्यारात धरत नाहीत, हे पाडसांनाही माहीत होतं. धाकटी जाऊ तर पुढेच धावली. भिवराला चार दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला.

"मग सोडा मला," ती म्हणाली.

"शिक्षा नोंदीतल्या शिंगाला असते, आजी," मुनशी हळूच म्हणाला. "नोंदीत ते हातभर आहे."

"तीन पावसाळे," बिबट्या म्हणाला.

"कुठं लिहिलंय?" भिवरानं पाय रोवले. "जन्मभर नुसतं ऐकत आलेय. तीन पावसाळे, तीन पावसाळे! लिहिलेलं दाखवा. माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी त्या खड्ड्यात उतरणार नाही. ओढत न्या हवं तर."

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तरसांनी एकमेकांकडे पाहिलं. बिबट्या मात्र रागावला नाही. "दाखवा तिला. हक्क आहे तिचा," असं म्हणून तो स्वतःही बरोबर निघाला.

टेकडीमागे ऐनाचं एक जुनं झाड होतं. बुंध्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत त्याची साल उरली नव्हती. नुसत्या रेघा होत्या, उभ्या, शेजारी शेजारी. काही जुन्या, काळ्या पडलेल्या. काहींतून अजून रस पाझरत होता. मुनशीनं पाठीचा एक काटा काढून बुंध्यावर टेकवला.

"हे तुमचं कलम. या तीन रेघा. तीन पावसाळे."

भिवरानं नाक अगदी जवळ नेलं. रेघा खोल होत्या. वरच्या टोकाला रुंद, खाली बारीक होत गेलेल्या. ती त्या हुंगत राहिली.

बिबट्या दिवसभर एका जागी बसून आंबला होता. त्यानं जांभई दिली. मग मागच्या पायांवर उभा राहून पुढचा एक पंजा तिच्या डोक्यावरून बुंध्याला लावला आणि नखं बाहेर काढून सावकाश, डोळे मिटून, खालपर्यंत ओढत आणली. सालीचे कपटे भिवराच्या कपाळावर पडले. त्यानं नखं मिटून घेतली, अंग झाडलं आणि झुडपात निघून गेला.

मुनशी पुढे झाला. रस ओघळायचा थांबेपर्यंत थांबला आणि काट्याच्या टोकानं मोजू लागला.

"ह्या चार तुमच्याच कलमाला लागून आल्यात," तो म्हणाला. "आधीच्या तीन अन् ह्या चार. सात पावसाळे, आजी."

तरसांनी लिहून घेतलं.