भिरभिऱ्याची अंगतपंगत

एकदा एका कारागिराने व्हिडिओ गेमचे एक यंत्र घडवले, आणि ते इतके सुरेख घडवले की आपलीच दृष्ट लागेल या भीतीने तो त्याच्याकडे फार वेळ पाहत नसे. कारागिराचे नाव हेरंब, यंत्राचे नाव भिरभिरे. टीव्हीला जोडायचे, बटणांची मूठ हातात घ्यायची आणि तहानभूक विसरायची, एवढाच त्याचा विधी. पहिल्या वर्षी गावोगावच्या दुकानांत भिरभिऱ्यावर अक्षरशः उड्या पडल्या.

दुसऱ्या वर्षापासून दुकानदार विचारू लागले, "यंत्र झकास आहे हो, पण यावर नवीन खेळायला काय आहे?" प्रश्न रास्त होता. हेरंबाच्या कारखान्यात वर्षाकाठी एखादा-दुसराच खेळ तयार होई. बाकीचे खेळ बाहेरची माणसे बनवीत, कुणी घरी एकटे बसून, कुणी दोघे-चौघे मिळून. ही माणसे एकेक करून पांगली. मुले होते तेवढे खेळ खेळून संपवीत, आणि मग भिरभिरे कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसे. आता तर दुकानदार उरलेली यंत्रे परत पाठवण्याची भाषा करू लागले होते.

बाहेरच्यांपैकी तिघेच अजून टिकून होते, आणि त्यांत रेवती खोत सर्वांत गुणी. तिच्या नावाड्याच्या खेळावर मुले जीव टाकीत. तिचा नवा खेळ तयार होत आला होता. पण तो एका दुसऱ्या, मोठ्या यंत्राला द्यावा असे तिच्या मनात घोळत होते, आणि तसे तिने हेरंबाला स्वच्छ सांगितले होते. ती गेली की दुकानदारही जाणार, आणि हेरंबाला कारखान्याला कुलूप लावावे लागणार. यात कुणालाच शंका नव्हती.

अशा वेळी माणसाला आपली शाळा आठवते. हेरंब उठला तो थेट सत्यभामाबाईंकडे गेला. बाईंनी त्याला लहानपणी हस्तकला शिकवली होती. त्याने आयुष्यात घडवलेली पहिली वस्तू म्हणजे बाईंच्या तासाला केलेले कागदी भिरभिरे. ते थोडे लंगडे फिरायचे. तरी बाईंनी ते वर्गाच्या खिडकीत लावले होते. यंत्राला ते नाव कुठून आले, हे आता वेगळे सांगायला नको.

बाई ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. हेरंबाने सगळे गाऱ्हाणे मांडले. आपण या लोकांना यंत्र दिले, दुकाने दिली, तरी ही मंडळी कृतघ्नासारखी निघून जातात, असेही तो तावातावाने बोलला.  बाईंनी सोललेल्या वालांची ताटली त्याच्याकडे सरकवली आणि न सोललेल्यांची एक मूठ पाण्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली. बोलता बोलता तोही सोलू लागला.

"ही मंडळी तुझ्या घरी कधी जेवली आहेत का रे?" शेवटी बाईंनी विचारले.

"नाही. तसा प्रसंगच आला नाही."

"मग येत्या रविवारी बोलाव. अंगतपंगत कर. ज्याने त्याने आपापला डबा आणायचा. मीही येईन."

"बाई, इथे माझं दिवाळं वाजायची वेळ आली आहे, आणि तुम्ही जेवणाचं काय घेऊन बसलात!"

"माझं वय झालं बाबा. मला जेवणाशिवाय काही सुचत नाही," बाई म्हणाल्या. "ते वाल नीट सोल. अर्ध्यांना साल तसंच ठेवलंयस."

गुरूची आज्ञा म्हणून हेरंबाने निमंत्रणे दिली खरी. पण शनिवारी त्याचे मन त्याला खाऊ लागले. आपल्या घरी पाहुणे येणार आणि डबे घेऊन येणार? लोक काय म्हणतील? घरधन्याच्या अब्रूचा प्रश्न आहे! त्याने आचारी बोलावला. मसालेभात, अळूची भाजी, भरली वांगी, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर, आणि वर श्रीखंड, तेसुद्धा स्वतःच्या हाताने फेटलेले. श्रीखंडात हेरंबाचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कुणी नव्हता, हे त्याचे शत्रूही मान्य करीत.

रविवारी मंडळी आली. रेवती आली. मुलांसाठी शर्यतींचे खेळ बनवणारा फिरोज मुलाणी आला. निवृत्तीनंतर गणिताची कोडी खेळांत घालणारे भाऊ कोरगावकर आले. दारातून आत पाऊल टाकताच समोर मांडलेली ती भरगच्च पाने पाहून तिघेही थबकले. भाऊंनी आपली पिशवी हळूच चपलांच्या मांडणीमागे सरकवली. फिरोजने डबा पाठीवरच्या बॅगेतून काढलाच नाही. रेवतीची नजर पानातल्या भरल्या वांग्यांवर गेली आणि तिने पर्सची चेन खसकन ओढून घेतली.

"अरे, डबे कशाला आणलेत? इथे काय कमी आहे?" हेरंब मोठ्या प्रेमाने म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर माया होती, हे इथे नमूद केलेच पाहिजे. माणूस मनाचा वाईट नव्हता.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी पाने पाहिली, चेहरे पाहिले, चपलांच्या मांडणीमागून डोकावणारी पिशवी पाहिली. मग पदर खोचला आणि श्रीखंडाचे पातेले उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. परत येऊन वांग्यांची कढई नेली. मग पुऱ्यांची परात, मग मसालेभात. "बाई, अहो, हे काय करता?" म्हणत हेरंब त्यांच्या मागून आत-बाहेर करीत होता. वाढलेली पानेसुद्धा बाईंनी उचलली. सगळे आत गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले, एक खुर्ची त्या दाराला टेकवली, आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

 फिरोजला हसू फुटत होते, ते त्याने मोठ्या कष्टाने दाबले.

"आता रिकामी ताटं मांड," बाई हेरंबाला म्हणाल्या. "पाणी भर. मीठ-लिंबू ठेव. आणि साधा भात तेवढा लाव. बाहेरच्या शेगडीवर लाव. लागेल ते मी बाहेर काढून ठेवलंय, आत जायला मिळणार नाही."

हेरंबाचे कान लाल झाले. पण ज्या बाईंनी आपले लंगडे भिरभिरे खिडकीत लावले, त्यांच्याशी वाद कसा घालायचा? त्याने निमूट कुकर चढवला. शिट्ट्या होईपर्यंत सगळे एकमेकांकडे पाहत बसले, आणि मग हळूहळू डबे उघडू लागले. भाऊंच्या पिशवीतून अळूवड्या निघाल्या. फिरोजच्या आईने ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी दिली होती. रेवती बराच वेळ पर्सवर हात ठेवून होती.

"अगं काढ ना," बाई म्हणाल्या.

"माझीपण भरली वांगीच आहेत, बाई."

"असू देत. आमच्या पुढ्यात आता दुसरी वांगी कुठे आहेत?"

वांगी निघाली. काळ्या मसाल्याची, तेलाचा तवंग आलेली. हेरंबाने सगळ्यांना गरम भात वाढला, वर तूप सोडले. "हेरंबदादा, लिंबू!" "भात आण रे अजून!" अशा हाका सुरू झाल्या, आणि त्याला बसायला उसंत मिळेना. रेवतीच्या वांग्यांतले अर्धे वांगे त्याच्या ताटात पडले तेव्हा त्याने घास घेतला आणि थांबलाच. त्याच्या आचाऱ्याच्या वांग्यांना ही चव नव्हती. असे वांगे आज या घरातून न उघडता परत जाणार होते, हे मनात येताच त्याला कसेसेच झाले.

"रेवती, एक विचारू?" तो म्हणाला. "राग मानू नकोस. तू का निघालीस? मी तुम्हाला सगळ्यांना संधी दिली होती."

"दिलीत ना," रेवती म्हणाली. "पितृपक्षात."

फिरोजला आता हसू आवरले नाही. भाऊही हसले. वस्तुस्थिती अशी होती की बाहेरच्यांचे खेळ हेरंब दरवर्षी पितृपक्षात दुकानात पाठवी आणि स्वतःचा खेळ दसऱ्याला.

"अहो, तेव्हा दुकानात गर्दी नसते, तुमच्या खेळांना निवांत जागा मिळते, म्हणून!" हेरंब कळवळून म्हणाला, आणि स्वतःचेच वाक्य कानावर पडताच ओशाळला. पितृपक्षात आपल्याकडे कोण नवी वस्तू घरात आणतो?

"आणि यंत्र सुरू केलं की आधी तुमचेच खेळ दिसतात," रेवती आता थांबेना. "आमचे शोधावे लागतात. माझा नावाडी मुलांना आवडला, तर पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःचा नावाडी काढलात. चांगला होता हो तो. माझ्यापेक्षा देखणा होता. म्हणून तर रडू आलं मला."

 मग बाई खुर्चीवरूनच बोलल्या.

"हेरंबा, तुझं श्रीखंड वाईट असतं तर मी दारावर बसले नसते. ते फार चांगलं आहे, तीच अडचण आहे. यजमानानेच सगळं पान भरून टाकलं की पाहुणा आपला डबा चपलांजवळ लपवतो. तू वाईट हेतूने केलं नाहीस, मायेनेच केलंस, पण डबा लपवायची वेळ त्यांच्यावर आलीच ना? अंगतपंगतीत यजमानाने भात लावायचा असतो. भात कमी समजू नकोस. त्याच्यावाचून या वड्या, ही चटणी, ही वांगी कशाशी खायची? तुझं यंत्र म्हणजे तो भात आहे, बाळा. तो गरम ठेव, वेळेवर वाढ, आणि लोकांना डबे उघडू दे."

"मग माझ्या खेळांचं काय करू, बाई? मलाही खेळ करायला आवडतात हो." हे म्हणताना हेरंबाचा आवाज अगदी शाळकरी झाला होता.

बाई हसल्या, खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी दार उघडले. "सगळ्यांचे डबे संपले ना? आता आण तुझं श्रीखंड."

आणि काय सांगावे! मघाशी ज्या श्रीखंडाकडे कुणी मान वर करून पाहिले नव्हते, त्यावर आता झुंबड उडाली. भाऊंनी डॉक्टरांचे नाव घेत घेत तीनदा मागून घेतले.

निघताना हेरंबाने उरलेले श्रीखंड आपल्या घरच्या स्टीलच्या डब्यात भरले आणि रेवतीच्या हातात दिले. "दसरा तुझा," तो म्हणाला. कारखान्यात त्याचा स्वतःचा नवा खेळ तयार होता, माणसांनी त्यासाठी जिवाचे रान केले होते, आणि त्यांना काय सांगायचे हे त्याला अजून ठाऊक नव्हते. "यंत्र लावलं की आधी तुझा खेळ दिसेल. तू नाही आलीस, तरी फिरोजचा दिसेल. माझा नंतर कधीतरी येईल."

रेवतीने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. "डबा पाठवून देते," एवढे म्हणून ती जिना उतरली.

त्यानंतर पितृपक्ष सुरू झाला आणि हेरंबाचा जीव टांगणीला लागला. दुकानदारांचे फोन येत होते. दसऱ्याला नवीन काय, ते विचारीत, आणि तो "सांगतो, सांगतो" म्हणे. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. चिमूटभर साखर तरी घालतात. तेवढी साखर घालून रेवती डबा पाठवील आणि विषय संपेल, असे त्याला राहून राहून वाटे.

घटस्थापनेच्या सकाळी डबा आला. हेरंबाने झाकण उघडले. आत रव्याचे लाडू होते. आणि लाडवांच्या वर, स्वच्छ रुमालात गुंडाळून, तिच्या नव्या खेळाची चकती ठेवली होती.

हेरंब तिथेच खाली बसला. डोळे पुसून त्याने फोन लावला.

"बाई, डबा आला."

"रिकामा?"

"नाही."

"मग बसलास काय?" बाई म्हणाल्या. "भात लाव."