वाघाटीची मिठी

डोंगराच्या कुशीत, जिथं सकाळी धुकं चरायला उतरतं, तिथं ठकू नावाची एक चिमुरडी राहायची. तिच्या झग्यात कापडापेक्षा ठिगळं जास्त. आई दिवसभर लोकांची भांडी घासायची. घरची श्रीमंती म्हणजे तीन गुबगुबीत करडं आणि त्यांना रात्री कोंडायच्या वाडग्याभोवती ठकूनं वाढवलेली वाघाटीची वेल. लालचुटूक पिकल्या फळातलं बी धुऊन तिनं स्वतः पेरलं होतं. आता वेलीवर वाघनखांसारखे वाकडे काटे होते, जोडीजोडीनं. बिबट्या यायचा, नाक टोचून घ्यायचा नि निमूट परत जायचा.

गावातली म्हातारी मंडळी बिबट्याएवढी शहाणी नव्हती. धोतर फाटतं म्हणून वर्षभर दिसेल ती वाघाटी तोडायची, आणि आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडायचा तो मात्र वाघाटीच्याच भाजीनं. यंदा रानात एकही वेल उरली नव्हती, होती ती ठकूचीच. एकादशीच्या दिवशी पारावरच्या दाजीबांनी ठरवलं, उद्या फळं काढायची आणि वेलही बुडापासून तोडायची. मग पुढच्या वर्षी खाणार काय, असं ठकूनं विचारलं, तर मोठ्यांत बोलते म्हणून तिलाच हाकललं.

संध्याकाळी ठकू करडांना कुशीत घेऊन रडत बसली. तेवढ्यात पानांत काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी परी होती. तिचे इवलेसे पंख काट्यांत अडकले होते, आणि ओढावं तितके जास्तच अडकत होते.

“ओढू नको गं, परीताई,” ठकू म्हणाली. “आकडा आहे तो. आधी वेलीकडं मागं सरक.”

परी मागं सरली आणि फुर्रकन सुटली. सोनेरी चुरा उधळत ती म्हणाली, “माग एक इच्छा, ठकूबाळ. फक्त तिच्यात ‘नको’ चालत नाही, आणि कुणाला खरचटता कामा नये.”

ठकूची पंचाईत झाली. ‘वेल तोडू नको’ एवढंच तर तिला हवं होतं. क्षणभर नवा झगाही डोळ्यांपुढं नाचला. पण करडू मांडीत कुडकुडलं, तशी ती म्हणाली, “वेलीला जो ओढील, त्याला ती मायेनं धरून ठेवू दे. तो मागं सरेपर्यंत.”

सकाळी दाजीबा कोयता आणि चार म्हातारे घेऊन आले. वेलीला हात घालून ओढलं मात्र, पाचही जणांची धोतरं काट्यांनी अलगद धरली. ठकूनं सांगितलं, आजोबा, एक पाऊल मागं सरका. दाजीबा गरजले, “आमच्या घराण्यात कुणी मागं सरलेलं नाही.”

मग काय, घराणं लटकलं. गावातून पुरणाचा वास येऊ लागला. कालपासून उपाशी पोटं गुरगुरू लागली. एकेक म्हातारा कुणी बघत नाही असं पाहून हळूच मागं सरला, सुटला. दाजीबा शेवटी. त्यांनी डोळे मिटले, जणू विहिरीत उडी घेतायत, आणि अर्धं पाऊल मागं टाकलं.

ठकूनं टोपलीभर हिरवी फळं हातांनी खुडून दिली, वर पिकल्या फळांचं बीही दिलं. “आपापल्या कुंपणाला पेरा, आजोबा.”

दाजीबांनी कोयता कमरेला खोचला, बी मुठीत घेतलं आणि घराची वाट धरली.

तेवढ्यात ठकूची ठिगळं विरघळली. अंगावर नवा झगा आला, वाघाटीच्या फुलासारखा, सकाळी पांढरा, संध्याकाळी गुलाबी. वेलीवर परी हसली, तिच्याभोवती उजेड दाटला, आणि उजेडातच ती विरून गेली.

त्या गावचे म्हातारे अजून कुंपणापाशी आले की आधी एक पाऊल मागं टाकतात. शहाणपण आलं असं समजू नका. धोतराची काळजी.