सर्व्हरची उलट नोंद

एका गावात मुलींचं एक कबड्डी मंडळ होतं, आणि त्या मंडळाचा कॉम्प्युटर उद्धवराव ताजणे यांच्या ताब्यात होता. एवढ्याशा गोष्टीनं केवढा घात केला, ते ऐकून कोणाचाही विश्वास बसणार नाही.

मंडळाच्या मुली तालुक्यात कोणाला हार जात नव्हत्या. त्या वर्षी त्यांना राज्य स्पर्धेला जायचं होतं. कर्णधार कावेरीचं तर ते कुमारी गटातलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिचं वय गटात बसणार नव्हतं. स्पर्धेचा अर्ज फक्त ई-मेलनं पाठवायचा होता. मुलींना शिकवणाऱ्या सुलभाताई असले अर्ज आपल्या मोबाइलवरून पाठवत, आणि ते बिनबोभाट पोचत.

उद्धवरावांना ते कमीपणाचं वाटलं. "मंडळाचं पत्र मंडळाच्या नावानंच गेलं पाहिजे," असं त्यांनी जाहीर केलं. दूरच्या एका कंपनीकडून त्यांनी भाड्यानं सर्व्हर, म्हणजे पत्रांची ने-आण करणारा कॉम्प्युटर, घेतला, मंडळाचं नाव त्याला जोडलं आणि मोठ्या झोकात अर्ज धाडला.

अर्ज गेल्या पावली परत आला. सोबत इंग्रजीत निरोप होता, की तुमच्या सर्व्हरच्या क्रमांकाची उलट नोंद तुमच्या नावाशी जुळत नाही.

ही उलट नोंद म्हणजे काही ब्रह्मविद्या नव्हे. प्रत्येक सर्व्हरला एक क्रमांक असतो. पत्र आलं, की घेणारा पत्रावरच्या नावावर विसंबत नाही. तो क्रमांक धरून उलट चौकशी करतो, की बाबा, इथं राहतं कोण? भाडेकरूनं दारावर लावलेली पाटी न वाचता घरमालकाला विचारावं, तसंच हे. सर्व्हरच्या क्रमांकाची मालक असते ती भाड्यानं देणारी कंपनी. ही नोंद तिला सांगूनच करून घ्यावी लागते.

पण सांगायचं म्हणजे आधी विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं! ते उद्धवरावांच्या जिवावर आलं. मंडळाचं नाव जिथं नोंदवलं होतं, ते आपलंच खातं त्यांनी उघडलं आणि उलट नोंद स्वतःच तिथं लिहून टाकली. तिथं ती बघायला कोणी येत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग त्यांनी खात्री करून घेतली. ती कशी? आपल्या सर्व्हरवरून आपल्याच सर्व्हरला पत्र पाठवलं! ते क्षणात आलं. उद्धवरावांनी मिशीवर ताव दिला, अर्ज पुन्हा पाठवला आणि तो परत आलाय का, हे बघण्याचीही तसदी घेतली नाही.

"भाऊ, पोचला ना अर्ज?" सुलभाताईंनी विचारलं. "नसेल, तर मी माझ्या मोबाइलवरून टाकते."

"ताई, मी स्वतः तपासलंय," उद्धवराव म्हणाले. "आता तुम्ही फक्त मुलींच्या चढाया बघा."

स्पर्धेच्या दिवशी मुली नवे गणवेश घालून मैदानावर हजर झाल्या. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये वरखाली शोधलं आणि मान हलवली.

"तुमच्या मंडळाचा अर्जच आलेला नाही."

मुली उद्धवरावांकडे टकामका बघत राहिल्या. त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला.

"सर, तुमच्या सर्व्हरच्या क्रमांकावर अजून आधीच्या भाडेकरूचंच नाव आहे," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "ते लॉटरी लागल्याची खोटी पत्रं पाठवायचे, म्हणून आम्ही त्यांना काढलं. तुम्ही नोंद बदलायला कधी सांगितलंच नाहीत. आता करू का? नाव सांगा."

भामट्याच्या नावानं उद्धवरावांनी लेकरांचा अर्ज पाठवला होता! आणि नुसतं नाव सांगितलं असतं, तर काम झालं असतं. त्यांनी नाव सांगितलं. नोंद झाली. घाईघाईनं त्यांनी मोबाइलवरून सर्व्हर उघडला आणि अर्ज पुन्हा पाठवला.

टेबलावरच्या बाईंच्या कॉम्प्युटरवर तो लगेच दिसला.

"आला की हो!" बाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण प्रवेश गेल्या आठवड्यातच बंद झालेत."

कावेरी उद्धवरावांसमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, त्यामुळे तिच्याकडे बघणं आणखीच कठीण झालं.

"काका, अर्ज पोचला की नाही, हे तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

उद्धवरावांनी विचारलं होतं ते फक्त स्वतःला. एवढ्यात पंचांची शिट्टी झाली, पहिला सामना सुरू झाला आणि कावेरी गणवेशातच प्रेक्षकांमध्ये जाऊन बसली.

तात्पर्य: आपली ओळख पटली की नाही, हे आपणच आपल्याला विचारून कळत नसतं, आणि ज्याच्या हाती तिची साक्ष आहे त्याला विचारायची ज्याला लाज वाटते, त्याच्या लाजेची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.