निशिकांतची सुधारणा

एका शहरात निशिकांत शेवडे नावाचा एक हुशार माणूस राहत होता. हुशार माणसाची गोष्ट सांगायची म्हटली की मला आधीच राग येतो, पण सांगायला तर हवी.

निशिकांत ड्रायव्हर लिहायचा. ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. संगणकाची भाषा एक, त्याला जोडलेल्या यंत्राची दुसरी. दोघांच्या मध्ये बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगणारा जो दुभाषा, तो हा ड्रायव्हर. तो नसला तर उत्तम संगणक आणि उत्तम यंत्र शेजारी शेजारी मुक्यानं बसून राहतात. निशिकांतची कंपनी ब्रेल छापणारी यंत्रं बनवायची. अंध मुलांना बोटांनी वाचता यावं म्हणून ही यंत्रं जाड कागदावर उठावाचे ठिपके पाडतात.

कंपनीनं एक नवं यंत्र काढलं आणि त्याचा ड्रायव्हर लिहायचं काम निशिकांतकडे आलं. लिहिलेलं तपासायचं काम शेजारच्या टेबलावरच्या फरीदाकडे होतं. ती म्हणाली, "आपलं जुनं यंत्र अजून कितीतरी शाळांत चालतंय. त्याची भाषाही यात राहू दे. एका दुपारचं तर काम आहे."

"जुनं आता कोण वापरतं?" निशिकांत म्हणाला.

"वापरतात म्हणूनच सांगतेय."

"मला तर कुठे दिसत नाही."

दिसणार कसं? तपासणीसाठी ठेवलेलं जुनं यंत्र त्यानंच भंगारात काढलं होतं आणि त्या जागी मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. आपल्या टेबलावर नाही ते जगात नाही, असा या लोकांचा हिशेब असतो. खरं म्हणजे जुन्याची भाषा सांभाळायचा त्याला कंटाळा आला होता, आणि कंटाळ्याला त्यानं धोरण असं नाव दिलं होतं. त्यानं जुन्या यंत्राची भाषा पुसून टाकली. लोकांनी निमूटपणे नवा ड्रायव्हर घ्यावा म्हणून वेबसाइटवरून जुना काढून टाकला. मग सगळ्यांच्या संगणकांवर निरोप धाडला: 'तुमच्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा झाली आहे. होय दाबा.'

घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी अंध मुलामुलींची शाळा होती. तिथल्या दमयंतीबाईंच्या संगणकावर हा निरोप आला. आता सुधारणेला नाही कोण म्हणेल? बाईंनी होय दाबलं.

त्या क्षणापासून शाळेतलं यंत्र मुकं झालं. वीज होती, कागद होता, एकही स्क्रू ढिला झाला नव्हता. सकाळपर्यंत टकटक ठिपके पाडणारं धडधाकट यंत्र, आणि संगणक म्हणू लागला, 'यंत्राची ओळख पटत नाही.' इतकी वर्षं शेजारी बसलेल्याची ओळख पटत नाही म्हणे!

त्या शाळेत रेणुका होती. ती दहावीला होती. अंध मुलांना गणिताऐवजी दुसरा विषय घेता येतो, आणि सगळ्यांनी तिला तेच सुचवलं होतं. तिला सांभाळणारा मामा म्हणाला होता, "तुला कशाला पायजे गं गणित?"

"का? माझं डोकं कुटं आंधळं हाय?"

"बरं, घे. पर नापास झालीस तर शाळा बंद. माघारी घरी यायचं."

रेणुकानं गणितच घेतलं. बाई जसजसं शिकवत तसतशी पानं छापून तिच्या हातात देत. भूमितीचे शेवटचे दोन धडे तेवढे छापायचे राहिले होते, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. कोणाचं महत्त्व किती, ते निशिकांतनं आधीच मापून ठेवलं होतं.

बाईंनी कंपनीला फोन लावला. फोन फिरत फिरत निशिकांतकडे गेला.

"ते मॉडेल आम्ही बंद केलंय, मॅडम. नवीन घ्या."

"अहो, आमचं बिघडलेलं नाहीये. तुमची सुधारणा येईपर्यंत छान चालत होतं."

"जग पुढे जातं, मॅडम."

"जाऊ दे हो. आम्हाला निदान जुना ड्रायव्हर तरी परत द्या. मुलीची दहावी आहे."

"तो आता मिळत नाही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मिळत नाही! त्याच्याच संगणकात पडला होता तो. पण दिला असता तर सुधारणा फसली असं झालं असतं, आणि निशिकांतसाहेबांचं नाक कापलं गेलं असतं. एका नाकासाठी त्यानं एका मुलीचं वर्ष मोडलं. त्याच संध्याकाळी नव्या ड्रायव्हरच्या नावानं ऑफिसात केक कापला. पहिला तुकडा त्यानंच खाल्ला. त्या केकचा मला अजून राग आहे.

बाई हातावर हात धरून बसल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्यावर डिंकानं सुतळी चिकटवून त्रिकोण केले, गणितं वाचून दाखवली. पण वाचून दाखवलं की झालं, असं फक्त डोळ्यांनी वाचणाऱ्यांना वाटतं. मागची एक ओळ पुन्हा हवी असली तरी रेणुकाला बाईंना हाक मारावी लागे, आणि बाईंना इतरही मुलं होती. पानभराचं गणित कानात धरून ठेवायचं म्हणजे ओंजळीत पाणी घेऊन गावाला निघायचं. एक दिवस तिनं सुतळी उपटून फेकली. "मला माझ्या बोटानं वाचू द्या!" ती ओरडली. तिचं काय चुकलं, सांगा बरं?

परीक्षा झाली. रेणुका गणितात नापास झाली.

निकालानंतर दमयंतीबाई तावातावानं थेट कंपनीत येऊन धडकल्या. फोनचं तेव्हा कोणी फरीदाच्या कानावर घातलंच नव्हतं. तिनं बाईंचं सगळं ऐकलं, खुर्ची ओढली आणि जुन्या यंत्राची भाषा नव्या ड्रायव्हरमध्ये परत बसवली. खरोखरच एक दुपार लागली.

निशिकांत तिच्या मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "एवढं महत्त्वाचं होतं तर आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं," फरीदा म्हणाली.

शाळेतलं यंत्र पुन्हा टकटक करू लागलं. मामा रेणुकाला न्यायला आला तेव्हा त्रिकोणमितीची पानं नुकतीच बाहेर पडली होती. बाईंनी ती तिच्या हातात दिली. मामा तिची ट्रंक धरून दारात उभा राहिला. रेणुका बाकावर बसली. तिचं बोट ओळीवरून गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. एक उदाहरण झालं, दुसरं झालं. कुठेही अडलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "हे सोपं हुतं की वो."

मामानं ट्रंक उचलली.

तात्पर्य: नवं घडवताना जुन्याची भाषा पुसू नये, कारण जुन्यावर कुणाचं तरी आयुष्य चालू असतं. जिच्यामुळे दुसऱ्याचं चालतं काम बंद पडतं ती सुधारणा नव्हे, आणि तिला सुधारणा म्हणणाऱ्यालाच आधी सुधारावं.